दांडग्या कुत्र्यासाठी घर

आठ महिने ते दीड-दोन वर्षे वयाचा, धडधाकट आणि अंगात रग असलेला रेस्क्यू कुत्रा हा प्राण्यांच्या निवाऱ्यांपुढचा चिवट प्रश्न आहे. पिल्लू असताना त्याला कोणीही उचलून घेते. म्हाताऱ्या किंवा तीन पायांच्या कुत्र्यासाठीही कधी ना कधी एखादे कनवाळू घर पुढे येते. या मधल्या वयात मात्र पिल्लाचे गोजिरेपण संपलेले असते आणि प्रौढ कुत्र्याचा शांतपणा अजून यायचा असतो. असा कुत्रा अंगावर उड्या मारतो, हात तोंडात धरतो, पट्टा ओढतो, चपला फाडतो. भेटायला आलेले कुटुंब कौतुकाने हसते, आणि घरी जाऊन फोन करायचे टाळते.

या वयात कुत्र्यात होणाऱ्या बदलांचा अभ्यास झालेला आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या ल्यूसी ॲशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात कुत्र्यांना पाचव्या आणि आठव्या महिन्यात ‘बस’ ही आज्ञा देऊन पाहिली. आठव्या महिन्यात ते आपल्या सांभाळणाऱ्याचे कमी ऐकू लागले. अनोळखी माणसाने तीच आज्ञा दिली तर मात्र त्यांचे ऐकणे कमी झालेले नव्हते. आज्ञा विसरली होती असे नाही. जवळच्या माणसाशी असलेल्या नात्यात वयात येण्याची ओढाताण सुरू झाली होती, आणि वर्षाच्या सुमारास ती ओसरली. घरातल्या माणसाला हे ठाऊक नसले तर त्याला वाटते, कुत्रा बिघडला. काही महिन्यांत निवळणाऱ्या गोष्टीपायी कुत्रा कायमचा घराबाहेर जातो.

महाराष्ट्रातल्या निवाऱ्यांत असा कुत्रा बहुधा गावठी असतो. हल्ली त्याला इंडी म्हणतात. तो तिथवर पोचला हेच पुष्कळ. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्रा यांच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रस्त्यावर जन्मलेल्या ३६४ पिल्लांचा माग ठेवला होता. त्यातली जेमतेम १९ टक्के पिल्ले वयात येईपर्यंत जगली, आणि झालेल्या मृत्यूंपैकी ६३ टक्के मृत्यूंना माणूस या ना त्या प्रकारे कारण होता.

अशा कुत्र्याला घर कसे द्यावे याबद्दल या कामातल्या लोकांत दोन भूमिका आहेत. एक म्हणते, घर कसून तपासा, वेळ लागला तरी चालेल. दुसरी म्हणते, माणसांवर विश्वास टाका, कुत्र्याला लवकर पिंजऱ्याबाहेर काढा. पुढच्या संवादात पहिली भूमिका निवारा चालवणाऱ्या ताई मांडतात आणि दुसरी तिथे येणारे पशुवैद्य डॉक्टर. त्यांच्यापुढचा कुत्रा नमुन्यादाखल घेतला आहे: पुण्याच्या उपनगरात तीन महिन्यांचा असताना मागचा पाय मोडलेल्या अवस्थेत सापडलेला, आता अकरा महिन्यांचा, अठरा किलो वजनाचा, नसबंदी आणि लसीकरण झालेला नर. पाय पूर्ण बरा आहे. त्याला विचारणारी तीन घरे आहेत.

ताई: डॉक्टर, घर उशिरा मिळालं तरी चालेल, चुकीचं नको. परत आणून सोडलेला कुत्रा दोन-दोन दिवस दाराकडे तोंड करून बसतो, जेवत नाही. पुढच्या वेळी कोणाच्या गाडीत चढायला तयार होत नाही. म्हणून मी घर स्वतः जाऊन बघते. गॅलरीला जाळी आहे का, आधी कुत्रा होता का, असला तर त्याचं पुढे काय झालं, हे विचारते. घरातल्या प्रत्येकाशी बोलते. नवरा ‘हो’ म्हणतो आणि बायको गप्प बसते, तिथे मी कुत्रा देत नाही.

डॉक्टर: त्या गप्प बसण्याकडे लक्ष देता हे बरोबरच आहे, ताई. पण याच्या आयुष्यातले पहिले तीन महिने सोडले तर यानं निवाऱ्याशिवाय काही पाहिलेलंच नाही. दिवसातून दोनदा वीस मिनिटं बाहेर, उरलेला वेळ पिंजरा आणि आजूबाजूचं भुंकणं. अमेरिकेत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिसा गंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच निवाऱ्यांतल्या कुत्र्यांवर काम केलं, २०१९ मध्ये ते छापून आलं. कुत्र्यांना एक-दोन रात्री कोणाच्या तरी घरी झोपायला पाठवायचं आणि लघवीतलं कॉर्टिसॉल मोजायचं. घरी गेल्यावर ताणाचं हे संप्रेरक उतरलं. निवाऱ्यात परतल्यावर पुन्हा आधीच्या पातळीला आलं, त्याच्या वर गेलं नाही. म्हणजे घरी जाऊन परत येण्यानं नुकसान झालं नाही. आणि निवाऱ्यात नुसतं राहणं हाच ताण आहे.

ताई: दोन रात्री पाहुणा म्हणून जाणं वेगळं आणि ‘तू आमचा’ म्हणून तीन महिने ठेवून परत आणणं वेगळं. तुमच्या अभ्यासातले कुत्रे पाहुणे होते.

ताईंचा आक्षेप रास्त आहे. थोड्या मुक्कामाचे निष्कर्ष दीर्घ सहवासानंतरच्या वियोगाला लावता येत नाहीत. पण डॉक्टरांच्या मुद्द्यातला अर्धा भाग तरीही उरतो: तरुण कुत्र्याचा पिंजऱ्यातला प्रत्येक महिना त्याला घरासाठी थोडा अधिक अवघड करतो. पिंजऱ्यात त्याला उड्या मारण्याची आणि भुंकून लक्ष वेधण्याची सवय लागते, कारण माणूस जवळ येतो तो तेवढ्याच वेळापुरता. आलेल्या कुटुंबाला नेमके तेच दिसते.

त्याला सापडलेल्या जागी परत सोडावे, हा पर्याय येथे बसत नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार रस्त्यावरचा कुत्रा नसबंदी आणि रेबीजची लस झाल्यावर पकडलेल्या जागीच सोडायचा असतो, आणि आपला इलाका असलेल्या प्रौढ कुत्र्यासाठी ते योग्यही असते. तिसऱ्या महिन्यापासून माणसांच्या हाताखाली वाढलेल्या कुत्र्याला मात्र इलाका उरलेला नसतो. तिथे आता दुसरे कुत्रे असतात, आणि वाहनांची जाण त्याला आलेली नसते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांना महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली, पण तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारीही घेणाऱ्यावरच टाकली. तेव्हा घर हाच मार्ग, आणि ते टिकणारे हवे.

घर शोधण्याची पहिली पायरी म्हणजे कुत्र्याचे वर्णन. फोटो, दोन-तीन व्हिडिओ, चार ओळी, आणि मग ते व्हॉट्सॲपवर सगळीकडे फिरते. बहुतेक दत्तक-विधाने इथेच फसतात.

डॉक्टर: तुम्ही याच्या फोटोखाली लिहिलंय, ‘अतिशय प्रेमळ, शांत, सगळ्यांशी जुळवून घेणारा.’ शांत कुठून आलं?

ताई: मार्चमध्ये लिहिलं होतं. तेव्हा शांतच होता.

डॉक्टर: मार्चमध्ये त्याला गोचीडताप होता. प्लेटलेट खाली गेल्या होत्या, हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. डॉक्सिसायक्लिनचा चार आठवड्यांचा कोर्स झाला आणि खरा कुत्रा बाहेर आला. आपल्याकडे हे सारखं होतं. गोचिडांनी खाल्लेला, जंतांनी पोखरलेला, अर्धपोटी कुत्रा कोपऱ्यात पडून असतो, लोक म्हणतात किती गुणी आहे. घरी नेऊन महिनाभर चिकन-भात खाऊ घातला की तो सोफ्यावरून उड्या मारायला लागतो आणि फोन येतो, ‘तुम्ही आम्हाला फसवलंत.’ रक्त तपासून, औषध पुरं होऊन महिना झाल्याशिवाय कुत्र्याच्या स्वभावाबद्दल एक अक्षर लिहू नये.

ताई: मान्य. पण ‘उड्या मारतो, हात चावतो’ असं लिहिलं तर फोन येत नाहीत. आधी माणूस भेटायला येऊ दे, कुत्रा त्याला जिंकून घेतो. मग सांगते मी सगळं.

डॉक्टर: म्हणजे घर तपासायचं भिंग लावून आणि कुत्र्याबद्दल अर्धंच सांगायचं? तुम्ही समोरच्याकडून जे मागता ते आधी आपण द्यायला हवं.

इथे डॉक्टरांची बाजू स्पष्टपणे भारी आहे. खोटे नसले तरी गुळमुळीत वर्णन चुकीच्या माणसांना बोलावते, आणि मग त्यांना गाळण्यात निवाऱ्याची शक्ती जाते. खरे वर्णन कमी फोन आणते, पण ते फोन उपयोगाचे असतात. या कुत्र्याचे वर्णन असे करता येईल: ‘अकरा महिन्यांचा गावठी नर, अठरा किलो. दुसऱ्या कुत्र्यांशी उत्तम पटते. मांजर आणि कोंबडी दिसली की मागे लागतो. आनंद झाला की अंगावर उडी मारतो आणि मनगट तोंडात धरतो; दात रुतवत नाही, पण लहान मूल पडू शकते. शी-शूसाठी बाहेर जायचे त्याला कळते. एकटा राहायला शिकतो आहे, सध्या अर्ध्या तासापर्यंत रडत नाही. फटाक्यांना घाबरतो. सकाळी लवकर उठून चालणारे घर हवे.’ या सात-आठ ओळींत ज्यांचे मन बसते, त्यांच्याशीच पुढे बोलायचे.

तीन घरांपैकी पहिले कोथरूडमधले: निवृत्त पती-पत्नी, स्वतःचा बंगला, पुढे-मागे बाग, उंच कुंपण. दुसरे हिंजवडीतले: तिशीच्या आतले जोडपे, तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा वन बीएचके, ती आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते, तो रोज सकाळी पळायला जातो. तिसरे जुन्नरजवळचे पाच एकरांचे शेत.

ताई: शेताचं आधी संपवू. लोकांना वाटतं, दांडगा कुत्रा आहे ना, मग शेतावर द्या, मोकळा बागडेल. मी एकच विचारते, रात्री तो कुठे झोपणार? ‘राखणीला बाहेरच’ असं उत्तर आलं की विषय संपला. जुन्नरच्या उसात बिबटे आहेत.

डॉक्टर: सगळे शेतकरी कुत्रा बाहेर बांधतात असं नाही. रात्री पडवीत घेऊन दार लावणारी घरं मी पाहिली आहेत. अशा घरात दिवसभर माणसांत, गुरांत वावरणारा कुत्रा सगळ्यात सुखी असतो.

ताई: तसं घर असतं तर मी दिला असता. हे गृहस्थ राहतात पुण्यात, शेतावर जातात रविवारी. बाकीचे सहा दिवस राखणदार दोन भाकऱ्या टाकणार.

ताईंची भीती पोकळ नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचे नमुने तपासून त्याचा आहार अभ्यासला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनानुसार बिबट्याच्या भक्ष्यात, वजनाच्या हिशेबाने, ३९ टक्के वाटा एकट्या पाळीव कुत्र्यांचा होता. ऊसपट्ट्यात रात्री बाहेर बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही. मालक वस्तीला नसलेल्या शेतावर दुसराही धोका असतो, तो साखळीचा. राखणीचा कुत्रा पळून जाऊ नये म्हणून बांधला जातो आणि बांधलेला राहतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा याबाबत नेमका आहे: त्याच्या कलम ११ नुसार नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे हिंडवणे-फिरवणे टाळणे हाही मालकाचा गुन्हा आहे. उपाशी ठेवणे किंवा सोडून देणे यांच्याच पंक्तीत तो ठेवलेला आहे.

खरा वाद बंगला आणि फ्लॅट यांच्यात आहे.

ताई: बंगल्यात दोघं दिवसभर घरी. बाग आहे, कुंपण आहे, आधीची लॅब्रेडॉर चौदा वर्षांची होऊन गेली. भाड्याची भानगड नाही. याहून चांगलं घर आणखी कोणतं? हिंजवडीचं जोडपं गोड आहे, पण अकरा महिन्यांचा करार. उद्या घरमालक नाही म्हणाला, परवा बंगळुरूची बदली आली, मूल झालं, की कुत्रा आपल्या दारात.

डॉक्टर: काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तुम्हीच सांगितलंत. अठरा किलोचं जनावर पळत येऊन गुडघ्यावर आदळलं तर? काका फिरायला जातात ते हळूहळू, अर्धा तास, मित्रांशी गप्पा मारत. याला ते पुरणार नाही. मग ते म्हणतील, बागेत सोडू.

ताई: मग बाग कशासाठी असते?

डॉक्टर: बागेत एकटा सोडलेला तरुण कुत्रा व्यायाम करत नाही, ताई. पहिले दोन दिवस पळतो, सगळे वास घेऊन संपतात. मग फाटकापाशी उभा राहून जाणाऱ्या-येणाऱ्यावर भुंकतो, कुंड्या उकरतो, कुंपणाखालून वाट काढतो. ती चौदा वर्षांची लॅब्रेडॉर शेवटची पाच-सहा वर्षं बागेत झोपूनच होती. त्यांना कुत्रा आठवतो तो तसा.

ताई: आणि वन बीएचकेमध्ये काय करेल? सोफा खाईल.

डॉक्टर: सकाळी तास-सव्वा तास बाहेर काढलं, डोकं दमवलं, तर झोपेल. खोली किती मोठी आहे याची कुत्र्याला फिकीर नसते; बाहेर किती नेतात आणि घरात कोण असतं, याची असते.

कुत्र्याला किती चळवळ लागते, याबद्दल फार गैरसमज आहेत. निरोगी प्रौढ कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो. आयसर कोलकाताच्याच गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या दिनक्रमाची पाहणी केली, तेव्हा ते बहुतांश वेळ निवांत पडून असतात असेच दिसले. गावठी कुत्र्याच्या रक्तात दिवसभर पळणे नाही. त्याला लागते ते दिवसातून दोनदा अंगातली रग खर्च करणारे आणि नाकाला काम देणारे फिरणे. चेंडू फेकून तासभर पळवले की तो दमतो, पण त्याचबरोबर तापतोही, आणि पंधरा दिवसांनी त्याला दीड तास लागतो. उलट लांब दोरीवर, त्याच्या चालीने, झुडपे आणि भिंतींचे कोपरे हुंगत फिरवले तर चाळीस मिनिटांत तो निवतो. जेवण वाटीत न देता कोरडे दाणे अंगणात किंवा जुन्या टॉवेलच्या घड्यांत विखरून दिले, तर तो पंधरा मिनिटे नाकाने शोधत बसतो. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-पाच मिनिटे ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’ शिकवले की डोके दमते. बक्षीस नेहमी खाण्याचेच हवे असेही नाही. याच गटाने २०१७ मध्ये दाखवून दिले की रस्त्यावरच्या कुत्र्यांना अनोळखी माणसाने वारंवार खाऊ देण्यापेक्षा वारंवार अंगावरून हात फिरवला तर त्यांचा विश्वास अधिक बसतो.

हवामानाचाही हिशेब लागतो. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात, मराठवाड्यात आणि आता पुण्यातही सकाळी आठनंतर डांबर तापते. फिरणे सहाला उरकायला हवे आणि दुसरे दिवस मावळल्यावर. मुंबई-कोकणात पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नेण्याआधी लेप्टोस्पायरोसिसची लस झालेली असावी. पहाटे सहाला कोण उठणार, हा प्रश्न म्हणूनच घराच्या चौरस फुटांपेक्षा महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर घरातल्या एका माणसाच्या नावाने मिळायला हवे. ‘आम्ही सगळे मिळून’ हे उत्तर चालत नाही.

ताई: बरं, व्यायामाचं पटलं. पण भाड्याच्या घराचं काय? सोसायटीचे चेअरमन म्हणाले कुत्रा चालणार नाही, तर?

डॉक्टर: सोसायटीला तसं म्हणता येत नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राणी ठेवायला बंदी घालता येत नाही.

ताई: कागदावर येत नाही. लिफ्टमध्ये रोज कोणी नाक मुरडलं की सहा महिन्यांत ते जोडपंच कंटाळतं. आणि घरमालकाची गोष्ट सोसायटीहून वेगळी. करार त्याच्याशी आहे. त्यानं पुढच्या वेळी नूतनीकरणच केलं नाही तर कोणत्या सूचना दाखवणार?

या मुद्द्यावर ताईंचा अनुभव डॉक्टरांच्या माहितीपेक्षा पुढे जातो. नियम कुत्र्याच्या बाजूने असणे आणि शेजार कुत्र्याच्या बाजूने असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दांडगा कुत्रा लिफ्टमध्ये अनोळखी माणसावर उडी मारतो, पाय पुसून न आल्यास जिन्यात चिखलाचे ठसे सोडतो, एकटा ठेवला की भुंकतो. त्यामुळे भाडेकरूच्या घरी तो द्यायचा तर घरमालकाची संमती तोंडी नको, लेखी हवी; भाडेकरारातच कुत्र्याचा उल्लेख करून घेतलेला सर्वात बरा. वरच्या-खालच्या मजल्यावरच्यांशी आधीच बोलून ठेवावे. रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र आणि महापालिकेचा परवाना हाताशी ठेवावा, कारण पहिली तक्रार आली की पहिला प्रश्न त्याचाच असतो. आणि भाड्याचे घर बदलताना जो नवीन घर शोधेल, तो कुत्रा चालणारेच शोधेल का, हे त्या माणसाच्या आधीच्या आयुष्यावरून थोडेफार कळते. या जोडप्यातल्या मुलीने कॉलेजच्या वसतिगृहाखालच्या कुत्रीची नसबंदी स्वतः वर्गणी काढून करून घेतली होती आणि गाव सुटल्यावरही तिच्या लसीचे पैसे पाठवत राहिली. अशी एखादी गोष्ट दहा पानी अर्जापेक्षा जास्त सांगते, आणि ती अर्जात नाही, गप्पांत कळते.

ताई: तुमचा कौल हिंजवडीला, हे कळलं. पण मी एकदम देणार नाही. पंधरा दिवस फोस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला, नेऊ दे. आठवड्यातले जे दोन दिवस दोघंही ऑफिसला जाणार, ते दिवस मला बघायचे आहेत.

डॉक्टर: हे मला चालेल. मी तर म्हणतो, प्रत्येक दांडगा कुत्रा असाच जावा. नाही जमलं तरी त्या घरानं केलेले व्हिडिओ, तो सोफ्यावर झोपलाय, दारावरची बेल वाजली तर काय करतो, हे पुढच्या घराला दाखवता येतं. ते दोन दिवस मात्र त्यांनी आधीच ठरवावे: दुपारी कोण येणार? शेजारच्या काकू, फिरवणारा मुलगा, की पाळणाघर?

ताई: सलग नऊ तास एकटा ठेवणार असतील तर नाही.

डॉक्टर: नाहीच. अर्ध्या तासावरून चार तासांवर यायलाच याला महिना-दीड महिना लागेल.

दोन्ही भूमिका इथे जवळ येतात, पण एक होत नाहीत. ताईंच्या लेखी फोस्टरचे पंधरा दिवस ही घराची परीक्षा आहे. डॉक्टरांच्या लेखी तो कुत्र्याला पिंजऱ्याबाहेर काढण्याचा सर्वात लवकरचा मार्ग आहे, आणि घर नापास झाले तरी कुत्र्याचा फायदाच आहे. हा फरक शब्दांचा नाही. परीक्षा मानणारा निवारा चुका मोजायला जातो, त्यामुळे माणसे चुका लपवतात: फाडलेली उशी, गॅलरीत केलेली शू, जेवताना केलेली गुरगुर. मदत म्हणून रोज फोन करणाऱ्याला ती गुरगुर दुसऱ्याच दिवशी कळते आणि तेव्हाच ती सुधारता येते. मात्र परीक्षेचा धाक अजिबात नसला तर पट्ट्याची कडी तुटकी राहते. दोन्ही लागतात.

कुत्रा कधी न्यायचा, यालाही महत्त्व आहे. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आणि गणपती विसर्जनाच्या ढोल-ताशांत तरुण कुत्रा नव्या घरी पाठवू नये. घाबरला की तो पळतो, आणि परिसर अनोळखी असल्याने परतीची वाट त्याला सापडत नाही. पहिले काही आठवडे बाहेर नेताना दोन पट्टे लावायचे, एक हार्नेसला आणि एक गळपट्ट्याला. गावठी कुत्र्याची मान आणि डोके जवळपास सारख्याच घेराचे असते. घाबरून मागे सरकला की नुसता गळपट्टा डोक्यावरून निघून येतो. गळपट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला पहिल्या दिवसापासून हवा. पहिल्या आठवड्यात पाहुणे नकोत, पार्टी नको, कुत्र्यांच्या बागेत नेणे नको. तीन-चार दिवस तो गप्प राहील. त्यावरून काही ठरवू नये. खरा स्वभाव दिसायला तीन आठवडे लागतात, आणि घर आपले वाटायला तीन महिने, हा या कामातल्या लोकांचा ठोकताळा आहे.

ताई: फोस्टर जमलं, तर दत्तकपत्रावर सही करताना माझी एक अट राहील. ह्यांना सांभाळणं अशक्य झालं तर कुत्रा परत आमच्याकडेच यायचा. परस्पर कोणाला द्यायचा नाही, सोडायचा तर नाहीच.

डॉक्टर: अट ठेवा, पण ती दमदाटीच्या भाषेत लिहू नका. ‘कधीही, कोणत्याही कारणानं परत आणू शकता, आम्ही काही विचारणार नाही’ असं लिहा. लाज वाटली की माणूस कुत्रा परत आणत नाही, हायवेवर सोडतो.

ताई: काही विचारणार नाही, हे मला जमणार नाही. का आणला हे कळल्याशिवाय पुढचं घर कसं शोधू?

डॉक्टर: आठवड्यानं विचारा. दारात नको.

दत्तकपत्रात आणखी दोन नावे घालायची असतात: कुटुंबाबाहेरच्या एका माणसाचे, जो अचानक आजारपण किंवा परगावी जाणे आले तर कुत्रा ठेवून घेईल, आणि जवळच्या पशुवैद्याचे. लसीचे पुस्तक, नसबंदीचा कागद, मोडलेल्या पायाचा एक्स-रे आणि गोचीडतापाच्या उपचाराची नोंद कुत्र्याबरोबर जाते. महापालिकेचा परवाना नव्या मालकाच्या नावाने निघतो.

राहिले कोथरूडचे काका-काकू. नकार कसा द्यायचा, हाही घर शोधण्याचाच भाग आहे, आणि निवाऱ्यांत तो सर्वात हयगयीने केला जातो: बहुतेक वेळा उत्तरच दिले जात नाही. नाकारलेले चांगले घर मग विकतचे पिल्लू आणते.

डॉक्टर: त्यांना मी फोन करू का? तुमच्याकडे ती सात वर्षांची काळी कुत्री आहे, मालक वारल्यावर आलेली. दिवसभर उन्हात पडून असते, संध्याकाळी अर्धा तास चालते. काकूंच्या गुडघ्यालाही ती चालेल.

ताई: मीच करते. पण फोनवर नको, रविवारी त्यांनाच इकडे बोलावते. तिला आंघोळ घालायला हवी त्याआधी.